मानभावाची बोलणी

‘करणी कसाबाची, बोलणी मानभावाची’ ही म्हण मराठी शाळांत पिढ्यान्‌पिढ्या पाठ करून घेतली गेली. अर्थ विचारला तर मुले सांगतात: गोड बोलून गळा कापणारा. कसाब म्हणजे खाटीक हे बहुतेकांना ठाऊक असते. मानभाव म्हणजे कोण, हे मात्र सांगता येत नाही. ढोंगी असा काहीतरी अर्थ असावा, असे धरून आपण पुढे जातो. वर्तमानपत्रांच्या अग्रलेखांत ‘मानभावीपणा’ सर्रास येतो. तो लिहिणाऱ्याला आणि वाचणाऱ्याला आपण एका जिवंत पंथाचे नाव शिवी म्हणून वापरत आहोत, याची सहसा गंधवार्ता नसते. मानभाव म्हणजे महानुभाव. तेराव्या शतकात चक्रधर स्वामींच्या मागे घरदार सोडून निघालेल्या लोकांचे आणि त्यांच्या अनुयायांच्या परंपरेचे हे नाव.

म्हण जरा नीट वाचावी. तिच्यात दोन माणसे नाहीत, एकच आहे. त्याची करणी कसाबासारखी आहे आणि बोलणी मानभावासारखी. म्हणजे ढोंगी तो तिसराच कोणी, म्हणीत त्याला नाव नाही. कसाब हे क्रूर कृतीचे माप, मानभाव हे सौम्य वाणीचे माप. ज्याचे बोलणे मऊ, निरुपद्रवी आणि खरोखर अहिंसक असते अशी गावाची खात्री, त्याचेच बोलणे माप म्हणून चालते. हिंदीतून आपल्याकडे रुळलेली ‘मुँह में राम, बगल में छुरी’ ही म्हण याच ठशाची. तिच्यामुळे राम कोणी ढोंगी ठरवला नाही, रामावरून ढोंगाचे विशेषणही कोणी बनवले नाही. मानभावावरून मात्र ‘मानभावी’ बनले आणि त्याने अर्थाची उडी मारली. मानभावासारखे बोलणारा खोटा, इथून मानभावच खोटा, इथवर. मूळची म्हण, माझ्या मते, एक साक्ष आहे. पंथाबाहेरच्या गावकऱ्यांनी पंथाच्या गोड बोलण्याबद्दल नकळत दिलेली साक्ष. ती शिवी कशी झाली, हे पाहायचे तर म्हणीला तारीख नसते, म्हणून तारीख असलेल्या कागदांकडे जायला हवे. अलीकडच्या कागदापासून मागे मागे जाणे मला सोयीचे वाटते, कारण मूळ ग्रंथ आपल्या हाती सर्वांत उशिरा आले.

मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश पहिल्यांदा 1831 मध्ये निघाला आणि 1857 मध्ये त्याची वाढवलेली आवृत्ती आली. त्यात मानभाव हा शब्द पंथवाचक म्हणून नोंदलेला आहे. कोशकाराने शब्द गोळा केले ते हाताखालच्या ब्राह्मण पंडितांच्या साहाय्याने. शब्दाचा अर्थ कोणाला विचारला, यावर अर्थ बराच अवलंबून असतो. मानभावांचा अर्थ मानभावांना विचारलेला नव्हता. पुढे दाते-कर्वे यांच्या ‘महाराष्ट्र शब्दकोशा’पर्यंत (1932 ते 1938) पंथवाचक अर्थ आणि लाक्षणिक अर्थ शेजारी शेजारी नांदत राहिले, आणि रोजच्या भाषेत लाक्षणिक अर्थाने पहिल्याला हळूहळू घराबाहेर काढले. कोशाला यात दोष देता येत नाही. कोश चालू भाषेची नोंद करतो. दोष दिसतो तो माहिती देणाऱ्या तोंडांत, आणि ती तोंडे सगळी एकाच बाजूची होती.

1916 मध्ये आर. व्ही. रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांचा मध्य प्रांतातील जाती-जमातींवरचा चार खंडांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यात मानभावांवर स्वतंत्र टिपण आहे आणि ते चमत्कारिक आहे. नावाचा अर्थ ‘पूज्य बंधू’ असा काहीसा असावा, असे त्यात म्हटले आहे. म्हणजे ‘मान’ आणि ‘भाऊ’ अशी फोड साहेबाच्या किंवा त्याला माहिती पुरवणाऱ्या कोणाच्या तरी डोक्यात होती. पंथ वऱ्हाडात सुमारे दोनशे वर्षांपूर्वी निघाला असे सांगितले जाते, ही पहिली माहिती. पंथाचे लोक स्वतः तो हजार वर्षांचा असल्याचे सांगतात, ही दुसरी. संस्थापक म्हणून अहमदनगरजवळच्या डोमेगावचा कोणी अर्जुनभट दिला आहे, चक्रधर नव्हे. खरे तर तेव्हा पंथाला साडेसहाशेच्या आसपास वर्षे झाली होती. सरकारी दोनशे आणि पंथीय हजार यांच्या मध्ये कुठेतरी सत्य उभे होते, आणि दोन्ही पक्षांचा नेम चुकला होता. डोमेगाव मात्र खरे. चक्रधरांच्या वास्तव्याने पवित्र मानलेले ‘डोमेग्राम’ ते हेच. सांगणाऱ्याला स्थळाची आठवण अचूक होती, इतिहास मात्र विस्कटला होता, किंवा परक्या अधिकाऱ्यापुढे तो मुद्दाम उलगडला नव्हता. दुसरी शक्यता मला अधिक पटते. तिचे कारण पुढे येईल.

त्याच टिपणात आकडे आहेत. 1911 च्या जनगणनेत सबंध हिंदुस्थानात मानभाव 10,000, त्यांपैकी मध्य प्रांत आणि वऱ्हाडात 4,000. हे आकडे पंथाच्या विस्ताराचे म्हणून वाचले तर फसगत होईल. टिपणाचे पहिलेच वाक्य सांगते की, हा मूळचा धार्मिक पंथ आता एक जात झाला आहे. मोजले गेले ते जातीच्या रकान्यात मानभाव लिहिलेले लोक, म्हणजे मुख्यतः भिक्षेकरी आणि त्यांच्यातूनच संसारी झालेले घरबारी. पंथाचा उपदेश घेऊन आपापल्या गावी शेती करणारा कुणबी किंवा माळी जनगणनेत कुणबी किंवा माळीच राहिला. तेव्हा 10,000 हा अनुयायांचा आकडा नाही. वेषावरून ओळखू येणाऱ्यांचा आहे. वेष काळा किंवा राखी, डोके मुंडलेले, हातात झोळी. गावाच्या डोळ्यांपुढे मानभाव म्हणून उभा राहायचा तो हाच माणूस, आणि शब्दाचा अर्थ ठरला तोही याच्याच भोवती.

वसाहतकाळातल्या लेखनात आणखी एक गोष्ट फिरताना दिसते, कृष्णभटाची. कोणी कृष्णभट एका मांग स्त्रीच्या नादी लागला आणि पंथ त्याच्यापासून निघाला, अशी ती कुत्सित कथा. तिला जोडून नावाची फोडही मिळते, ‘मांगभाव’. व्युत्पत्ती म्हणून तिला काडीची किंमत नाही. पण व्युत्पत्ती खोटी असली तरी ती रचणाऱ्याची भीती खरी असते. या पंथाच्या आचारधर्मात संन्याशाने चारही वर्णांच्या घरी भिक्षा मागावी असे बजावलेले आहे. स्त्रियांना संन्यास आहे. देवता-उपासना, तीर्थे, व्रतवैकल्ये यांच्या बाजाराकडे पाठ आहे. ज्यांचे पोट आणि प्रतिष्ठा त्या बाजारावर होती त्यांनी या लोकांना बाटलेले ठरवायला सर्वांत जवळचे हत्यार उचलले. जातीने हीन मानलेल्या स्त्रीशी संबंध जोडला की काम झाले. त्या काळात याहून मोठा पुरावा कोणी मागत नसे.

याच वैराचा एक राजकीय कागद 1782 चा आहे. सवाई माधवराव पेशव्यांच्या नावाने निघालेली ही आज्ञा विसाव्या शतकातल्या इंग्रजी ग्रंथांतून सारांशरूपाने वाचायला मिळते. मानभावांचा चार वर्णांशी वा सहा दर्शनांशी संबंध नाही, कोणत्याही जातीने त्यांचा उपदेश ऐकू नये, ऐकेल त्याला जातीबाहेर टाकावे, असा तिचा आशय. सवाई माधवरावांचा जन्म 1774 चा. आज्ञा निघाली तेव्हा श्रीमंत आठ वर्षांचे होते. मानभावांच्या दर्शनशास्त्रावर त्यांनी स्वतः काही विचार केला असेल, असे मानायला जरा जड जाते. दौलतीचा कारभार त्या वेळी नाना फडणवीसांच्या हाती होता आणि धर्मविषयक निवाडे शास्त्रीमंडळींच्या सल्ल्याने होत. पण आज्ञा कोणी लिहवून घेतली यापेक्षा ती कशासाठी लागली, हे मला महत्त्वाचे वाटते. बंदीचा हुकूम हा चालू व्यवहाराचा सर्वांत भरवशाचा पुरावा असतो. जे कोणी करतच नाही त्याला मनाई करायला कागद खर्ची पडत नाही. ‘कोणत्याही जातीने ऐकू नये’ याचा अर्थ 1782 मध्ये अनेक जातींचे लोक ऐकत होते. ज्या बोलण्याचा म्हणीत माप म्हणून उपयोग झाला, तेच बोलणे पुण्याच्या दरबाराला धोक्याचे वाटत होते. गोड बोलून लोकांना वळवतात, ही तक्रार एकदा मान्य केली की पुढची पायरी, म्हणजे गोड बोलून फसवतात, फार लांब राहत नाही.

त्याच्याही मागे गेलो तर एकनाथांची भारुडे लागतात. गोंधळी, जोशी, जंगम, फकीर, वासुदेव अशा सोंगांच्या मेळ्यात नाथांनी मानभावालाही उभे केले आहे. इथे सावध राहायला हवे. नाथांची भारुडे आपल्यापर्यंत आली ती कीर्तनकारांच्या तोंडून आणि उशिराच्या छापील गाथांमधून. एखादा चरण कोणाचा, हे हात छातीवर ठेवून सांगता येत नाही. तरी सोळाव्या शतकातल्या पैठणच्या गावगाड्यात मानभाव ही चटकन ओळखू येणारी आकृती होती, एवढे त्यातून निघते. पैठण हे चक्रधरांच्याही वास्तव्याचे गाव, त्यामुळे यात नवल नाही. सोंग ओळखीच्याचेच घेतात.

आता शब्दाची घडण. संस्कृतात महानुभाव म्हणजे ज्याचा अनुभाव मोठा तो. अनुभाव म्हणजे तेज, प्रभाव, अंगचा अधिकार. ‘मोठा अनुभव असलेला’ असा अर्थ पुष्कळदा सांगतात, तो कानाला जुळला म्हणून. भगवद्गीतेच्या दुसऱ्या अध्यायात पाचव्या श्लोकात भीष्मद्रोणांसारख्या गुरुजनांना हे विशेषण आलेले आहे. महानुभाव पंथ श्रीकृष्णाला परमेश्वराचा अवतार मानतो आणि गीतेला प्रमाण मानतो. म्हणून नाव तिथूनच घेतले असेल असे म्हणण्याचा मोह होतो. तो आवरावा. शब्द संस्कृत वाङ्मयात सर्वत्र पसरलेला होता, आणि दोन ठिकाणी एकच शब्द सापडणे म्हणजे एकाचा उगम दुसऱ्यात असणे नव्हे. बोलीत मात्र त्याचा प्रवास सरळ दिसतो. पंथाच्याच इतिहासात ‘महादाइसा’चे ‘म्हादाइसा’ होते. त्याच चालीने महानुभाव, म्हानुभाव आणि मग ओठांना सोपा मानभाव. या झिजेत निंदा काहीच नाही. मराठीत आदराची नावेही अशीच झिजतात. निंदा नंतर आत शिरली. झिजलेल्या रूपात मूळचा ‘महा’ दिसेनासा झाला होता आणि कोणीही आपल्या पदरचा अर्थ त्यात भरू शकत होता, तेव्हा. कोणी मान आणि भाऊ भरला, कोणी मांग भरला, आणि भाषेने शेवटी खोटेपणा भरला.

इथवर जे कागद पाहिले ते सगळे बाहेरच्यांचे. कोशकार, अधिकारी, दरबार, दुसऱ्या संप्रदायाचा संतकवी. प्रश्न असा की, पंथाजवळ स्वतःचे कागद नव्हते का? होते, आणि ते मराठीतल्या सर्वांत जुन्या वाङ्मयात मोडणारे आणि विपुल होते. म्हाइंभटांचे ‘लीळाचरित्र’ हा मराठीतला पहिला गद्य चरित्रग्रंथ, सुमारे 1278 चा. केसोबासांनी चक्रधरांच्या वचनांतून बांधलेला ‘सूत्रपाठ’, त्यांचाच ‘दृष्टांतपाठ’, महदाइसेचे धवळे, भास्करभट्ट बोरीकरांचे ‘शिशुपालवध’, नरेंद्राचे ‘रुक्मिणीस्वयंवर’, आणि नागदेवाचार्यांच्या आठवणींचे ‘स्मृतिस्थळ’. पण हे सारे कुलुपात होते. चौदाव्या शतकापासून पंथीयांनी आपले ग्रंथ सांकेतिक लिप्यांत लिहायला सुरुवात केली. सकळ लिपी सर्वांत प्रचलित. तिच्याशिवाय सुंदरी, पारमांडल्य, अंकलिपी अशा आणखी कित्येक. एका अक्षराच्या जागी दुसरे अक्षर किंवा चिन्ह, असा साधारण संकेत. किल्ली ज्याच्याकडे त्यालाच वाचता येणार. संहितेची पवित्रता राखणे, अनधिकाऱ्याच्या हाती ग्रंथ न पडू देणे, हा हेतू सांगितला जातो. त्यात परकीय धाडींच्या आठवणीचाही वाटा असावा. खुद्द ‘लीळाचरित्रा’ची मूळ प्रत चौदाव्या शतकाच्या आरंभी, ज्याला पंथात ‘खालशाची धाड’ म्हणतात त्या खलजी स्वाऱ्यांच्या धामधुमीत, नाहीशी झाली. अनुयायांनी आठवणीतून ती पुन्हा उभी केली. म्हणून तिचे निरनिराळे पाठ आहेत, आणि एकाच प्रसंगाची निरनिराळ्यांना आठवलेली रूपे त्यांत टिकली आहेत.

या गुप्ततेचा परिणाम दुहेरी झाला. ग्रंथ वाचले आणि नाव बुडाले. पाचशेहून अधिक वर्षे पंथाबद्दल पंथाबाहेर जे लिहिले गेले ते सगळे पंथाचे एक अक्षर न वाचता. कृष्णभटाच्या कथेला उत्तर द्यायचे तर ‘लीळाचरित्र’ उघडावे लागले असते, आणि ते उघडायचे नव्हते. रसेलला अर्जुनभट आणि हजार वर्षे सांगणारा डोमेगाव नीट सांगतो आणि बाकीचे गढूळ ठेवतो, त्याचे कारण मला इथे दिसते. ज्यांचे बोलणे गावाला ठाऊक होते त्यांचे लिहिणे कोणालाच ठाऊक नव्हते. गोड बोलतात पण आत काय आहे सांगत नाहीत, हा संशय अशा अवस्थेत धरतो. मात्र सगळा दोष लिप्यांवर टाकणारे विवेचन मला पटत नाही. वैर आधीचे आहे. स्वतः ‘लीळाचरित्रा’त चक्रधरांना यादवांच्या राजधानीतल्या अधिकारी आणि पंडितांच्या हातून झालेल्या छळाच्या कथा आहेत. लिप्यांनी वैराला उत्तर देण्याचा मार्ग बंद केला, वैर निर्माण केले नाही.

कुलूप विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत निघाले. वि. ल. भावे यांनी महंतांचा विश्वास मिळवून लिप्यांची किल्ली हस्तगत केली, आणि त्यांच्या ‘महाराष्ट्र सारस्वता’च्या 1919 च्या आवृत्तीत महानुभावांचे वाङ्मय मराठीच्या इतिहासात दाखल झाले. यवतमाळच्या य. खु. देशपांडे यांचे ‘महानुभावीय मराठी वाङ्मय’ 1925 मध्ये आले. ह. ना. नेने यांनी 1930 च्या दशकात ‘लीळाचरित्र’ भागाभागांनी छापले. वि. भि. कोलते यांनी आयुष्य याच कामात घातले आणि त्यांनी संपादलेले ‘लीळाचरित्र’ महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने 1978 मध्ये काढले. या पुस्तकांची शीर्षके आणि मजकूर हाही आपल्या शब्दाचा पुरावाच आहे. देशपांड्यांच्या शीर्षकात मानभाव नाही, महानुभावीय आहे. विद्वानांच्या लेखणीत पूर्ण रूप परत आले ते ग्रंथ वाचल्यानंतर. बोलभाषेत मात्र ‘मानभावी’ तसाच राहिला. एका शब्दाची दोन रूपे वेगवेगळ्या घरांत राहायला गेली आणि एकमेकांना ओळखेनाशी झाली. ‘महानुभाव’ या संस्कृत रूपालाही मराठीने पुरते सोडले नाही, हे ओघाने सांगायला हवे. ‘हे महानुभाव कोण?’ असे आपण विचारतो तेव्हा आवाजात आदर क्वचितच असतो.

आता खरी गोष्ट. हे ग्रंथ उघडले तेव्हा त्यांत महानुभाव हे नाव मिळाले का? पंथाचे रूढ नाव म्हणून, नाही. सर्वांत जुन्या थरात अनुयायांसाठी जो शब्द पुन्हा पुन्हा येतो तो ‘भक्तजन’. आणि त्याहून लक्षात राहते ते एक क्रियापद, ‘अनुसरणे’. अमके अनुसरले, तमकी अनुसरली. याचा अर्थ पटले, आवडले असा सौम्य नाही. घर सोडले, गाव सोडले, नातीगोती सोडली, भिक्षेची झोळी घेतली आणि स्वामींच्या मागे निघाले, असा सबंध जन्म पालटणारा अर्थ या एका क्रियापदात आहे. नागदेव अनुसरले, महदाइसा अनुसरली. सराळ्याचा धनवान आणि पांडित्याचा ताठा असलेला म्हाइंभट, तोही अनुसरला. ज्या वाटेने अनुसरायचे तिला ‘मार्ग’ म्हणत, श्रेष्ठ मार्ग म्हणून ‘परमार्ग’, आणि चक्रधरांनंतर पंथ सांभाळणाऱ्या नागदेवाचार्यांवरून, म्हणजे भटोबासांवरून, ‘भटमार्ग’. घरी राहून श्रद्धा ठेवणाऱ्याला ‘वासनिक’ म्हणत. या शब्दांत मोठेपणाचा दावा कुठेच नाही. वाट आहे, वाटेने चालणारे आहेत, आणि घरी राहून त्यांना भिक्षा घालणारे आहेत.

म्हाइंभटांनी ‘लीळाचरित्र’ कसे केले ते या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. चक्रधर उत्तरेकडे निघून गेले होते. रिद्धपुरी नागदेवाचार्यांच्या सान्निध्यात म्हाइंभटांनी स्वामींना पाहिलेल्या, ऐकलेल्या माणसांना शोधून काढून विचारायला सुरुवात केली. कोणती गोष्ट कुठे घडली, कोण हजर होते, स्वामी नेमके काय म्हणाले. आपल्याकडे असे लेखन त्याआधी कोणी केलेले नव्हते. यात साक्षीदार आहेत, स्थळे आहेत, जेवणाचे पदार्थ आहेत, भांडणे आहेत, थंडीत कुडकुडणारे लोक आहेत. बायका प्रश्न विचारतात, आणि त्या प्रश्नांची नोंद होते. ज्या माणसांकडून तो माहिती घेत होता त्यांना समूह म्हणून नाव देण्याची गरज त्याला वाटली नाही, कारण त्याच्या लेखी ते सगळे बाइसा, दाइंबा, नाथोबा, आबाइसा असे नावानिशी होते.

आणि बोलण्याचा मुद्दा, जो म्हणीत आहे, तोही याच ग्रंथांत आधीच आहे. ‘स्मृतिस्थळा’तला एक प्रसंग मराठीच्या अभ्यासकांत प्रसिद्ध आहे. पंडित शिष्य संस्कृत घुसडू लागले तेव्हा नागदेवाचार्यांनी त्यांना अडवले आणि स्वामींनी आपल्याला मराठीतच सांगितले, तेव्हा मराठीतच विचारा, अशा आशयाचे बजावले. जो उपदेश म्हातारी बाई, शेतकरी, गुराखी यांना कळला पाहिजे त्याची भाषा मऊ आणि घरगुतीच असणार. अहिंसेचेही तसेच. शिकारी कुत्र्यांपुढून पळालेला ससा चक्रधरांच्या मांडीखाली आश्रयाला येतो आणि स्वामी त्याला पारध्यांपासून वाचवतात, ही लीळा पंथात आजही आवडीने सांगितली जाते. पारध्यांना तिथे शाप मिळत नाही, समजावणी मिळते. म्हणीत मानभावासमोर नेमका कसाबच का उभा केला, याचे उत्तर इथे आहे असे मला वाटते. म्हण रचणाऱ्याला जिवाला न दुखवणाऱ्याचे उलट टोक हवे होते, आणि त्यासाठी अहिंसेचा नमुना म्हणून गावाच्या डोळ्यांसमोर जो होता तो त्याने उचलला.

मग महानुभाव हे नाव आले कुठून? भोवतालच्या लोकांनी संन्याशांना आदराने हाक मारायला ते वापरले असावे, आणि मग ते चिकटले असावे. पंथाला ‘महात्मा पंथ’ असेही म्हटले गेले आहे, तेही याच तऱ्हेचे. ही उपाधी आहे, आणि उपाधी माणूस स्वतःला देत नाही, लोक देतात. पंथ महाराष्ट्राबाहेर गेला तेव्हा काय झाले हे याला पूरक आहे. पंजाबात त्याचे मठ झाले, तिथून पेशावर-काबूलपर्यंत वाट गेली. तिकडे लोक त्याला ‘जयकृष्णी’ म्हणू लागले, म्हणजे त्यांच्या तोंडचा जयजयकारच नाव झाला. ‘अच्युत पंथ’ हे नावही प्रचारात आहे. ज्या मुलखात जे कानांवर पडले, जे डोळ्यांत भरले, त्यावरून बाहेरच्यांनी नाव पाडले. आतल्या माणसाला ‘मार्ग’ पुरत होता.

आतल्याला पुरेनासे झाले ते फाटाफूट झाल्यावर. चौदाव्या शतकात नागदेवाचार्य गेले आणि पुढे परंपरेनुसार पंथाचे तेरा आम्नाय झाले, म्हणजे तेरा शिष्यशाखा. त्यांतले उपाध्ये आणि कवीश्वर हे दोन आज मुख्य आहेत. एका गुरूभोवती बसलेल्यांना सामाईक नाव लागत नाही, पण तेरा ठिकाणी बसलेल्यांना लागते. ‘भटमार्ग’ म्हटले तर एका आचार्याचे नाव येते, आम्नाय सांगितला तर बाकीचे बारा वगळले जातात. अशा वेळी कोणा एकाचे नसलेले, बाहेरून आलेले, सर्वांना सारखेच लागू पडणारे आदराचे विशेषण सोयीचे ठरले असेल. याला कागदाचा थेट आधार नाही, हा माझा तर्क आहे. पण शब्दांच्या अनुक्रमाशी तो जुळतो: आधी क्रियापद, मग वाट, मग शाखा, आणि सर्वांत शेवटी मोठे नाव.

अमरावती जिल्ह्यात मोर्शी तालुक्यातले रिद्धपूर, जिथे म्हाइंभटांनी साक्षी लिहून घेतल्या, तिथे आता महाराष्ट्र शासनाचे मराठी भाषा विद्यापीठ उभे राहिले आहे. गावात येणारे पंथीय एकमेकांना दंडवत प्रणाम म्हणतात. ओळख करून देताना कोणी आम्नायाचे नाव सांगतो, कोणी गुरूचे. आणि पंथाचा उपदेश घेतलेला गृहस्थ आपल्याला ‘उपदेशी’ म्हणवतो.